तिसऱ्या मजल्यावरची झाडं

निवृत्त हेडक्लार्कसाहेबांनी झाडं ओळखायचं सचित्र पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांना झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण न कळणाऱ्या विषयांवर शेरे मारण्यातच त्यांची हयात गेली होती, त्यामुळे ही अडचण त्यांना अडचण वाटलीच नाही.

त्यांचा मेहुणा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. तो बिचारा म्हणाला, "भाऊजी, छापण्याआधी चित्रं एकदा मला दाखवा."

"काही गरज नाही. माझं पुस्तक उघडून पोरंटोरंसुद्धा झाड ओळखतील. एक जरी झाड अडलं, तर पुन्हा जन्मात ब्रश हातात धरणार नाही."

हे ऐकून बायकोला आशा वाटायला लागली. साहेबांनी तिची गॅलरी बळकावली होती. कपड्यांच्या दोरीवर चित्रं वाळत होती आणि ओले कपडे सोफ्याच्या पाठीवर. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीत आरामखुर्ची टाकून, दुर्बीण लावून साहेब रस्त्यावरची झाडं रंगवत. नावं तेवढी मेहुण्याने मागे तिथूनच सांगितली होती, म्हणून बरोबर होती.

"अहो, एकदा खाली तरी जाऊन या," ती म्हणाली.

"खाली काय आहे? नुसती खोडं."

सबंध नोकरी खुर्चीवरून न उठता केलेला माणूस. झाडांसाठी कशाला उठेल?

पुस्तक छापून आलं. रविवारी सकाळी प्रकाशन झालं आणि साहेबांमागे सगळी कॉलनी झाडं ओळखायला रस्त्यावर उतरली. पहिल्याच झाडाखाली शेजारीणबाईंनी पुस्तक उघडलं, वर बघितलं, पुन्हा पुस्तकात बघितलं.

"यात सगळे फ्लॉवरचे गड्डेच काढलेत," त्या म्हणाल्या.

"आणि खोड कुठंय?" कॉलनीतल्या डॉक्टरांनी विचारलं. "झाड उभं कशावर आहे?"

साहेबांनी पुस्तक आडवं धरलं, उलटं धरलं. मान मागे टाकून वर पाहिलं. खालून नुसत्या फांद्या आणि पानांच्या पाठी. असलं काही त्यांनी रंगवलंच नव्हतं. त्यांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, पण गप्प बसण्याइतकी नाही.

"या ऋतूत झाडं जरा वेगळी दिसतात," त्यांनी ठोकून दिलं आणि शेजारच्या खोडाला टेकून घाईघाईने पानं चाळायला लागले.

तेवढ्यात वरून बायकोची हाक आली. गॅलरीत ती एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात ओला टॉवेल घेऊन उभी होती.

"अहो, पान बारा! तुम्ही टेकलाय ना, तो शिरीष. अगदी हुबेहूब आलाय!"

साहेबांचा चेहरा उजळला. "ओळखलं की नाही? पुस्तक चोख आहे."

"चोखच आहे, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "फक्त प्रत्येक प्रतीबरोबर एक गॅलरी द्या."

तोवर वर बायकोने दोरीवरची चित्रं उतरवून टॉवेल वाळत घातला होता.