भिंत बोलली

बाळांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. पलंग बाहेर काढलेला, फरशीवर जुनी वर्तमानपत्रं, ओल धरलेल्या भिंतीचे पोपडे सुटलेले आणि त्या भिंतीला कान लावून उभी असलेली एक मुलगी. घरात तिला सगळे खारू म्हणत. चार वाजता काका तिच्या आजीला इस्पितळातून घरी आणणार होते. डॉक्टर "आता घरीच न्या" म्हणाले होते. त्याचा अर्थ खारूला कोणी सांगितला नव्हता. तिला तो कळला होता. पोपड्यांच्या धुळीने आजीला ढास लागायची. ती यायच्या आत भिंत नीट व्हायलाच हवी होती.

रंगारी सकाळी भिंत ठोकून बघून गेला. "साहेब, खड्डे भरायला लांबी घेऊन येतो. तोवर हातोडीने हळू ठोकत राहा. भिंत बोलली की तिथला गिलावा सुटलाय समजा, काढून टाका. गप्प राहिली तर हात लावू नका."

बाबांनी ठोकलं. भिंत गप्प. पुन्हा ठोकलं, तर आतून आवाज आला, ठक ठक ठक!

"बाबा, बोलली! चांगली तीनदा!"

बाबांनी छिन्नी लावली.

पलीकडे स्वयंपाकघरात आई आजीसाठी मऊ भात शिजवत होती. हातोडीच्या दणक्याने फळीवरचे डबे नाचू लागले, म्हणून 'पुरे करा' अशा अर्थी तिने भिंतीवर पळी आपटली होती. आता ती जितकी चिडे, तितकी भिंत जास्त बोले.

"ही तर भांडायलाच उठलीय!" बाबा घाम पुसत म्हणाले. "ओल पार आतपर्यंत गेलीय."

"अगदी आईसारखी बोलतेय," खारू म्हणाली.

साडेतीनला दोन विटा पलीकडे पडल्या. भोकातून आईचा पांढराफटक चेहरा दिसला.

"अहो, थांबा म्हणून कधीची ठोकतेय मी!"

"तू होतीस? मला वाटलं, भिंत..."

"बारा वर्षं संसार केलात. अजून भिंतीत आणि माझ्यात फरक कळत नाही?"

तेवढ्यात रंगारी डबा घेऊन आला. भोकाकडे बघून त्याने डबा खाली ठेवला. "साहेब, याला लांबी नाही, खिडकी लागेल."

सगळ्यांनी मिळून ओल्या फडक्यांनी धूळ टिपली. चारला आजी आली. पलंग भिंतीला लागला. भोक नेमकं तिच्या उशीपाशी आलं.

"आई, उद्या बुजवतो गं," बाबा खाली मान घालून म्हणाले.

आजी बराच वेळ पलीकडे बघत राहिली. "राहू दे. मरेपर्यंत छत बघत पडायचं होतं. आता माणसं तरी दिसतील." मग दम खाऊन म्हणाली, "सूनबाई, भात लागतोय खाली."

"उद्या सकाळी आधी ते भोक बुजवा!" आई बाबांच्या कानाशी पुटपुटली, आणि पदराने डोळे टिपत भाताकडे धावली.

आणि खारू? तिने स्वयंपाकघरात स्टूल ओढलं, त्यावर बसून उजवा हात खांद्यापर्यंत भोकात घातला. पलीकडून आजीने तो धरला. जेवायची हाक आली, तेव्हा खारूने ताट तिथेच मागून घेतलं आणि ती डाव्या हाताने जेवू लागली.