दहावर थांबायचं नसतं

डॉक्टरांनी पाच इंजेक्शनं सांगितली की आमची आई म्हणायची, "पाच कसाले? तीनवर या." डॉक्टर हसायचे. आई हसायची नाही. शेवटी चारवर ठरायचं आणि ती जिंकल्यासारखी बाही वर करायची.

चर्चमध्येही तेच. पाळकसाहेबांनी सहा कडव्यांचं गीत काढलं की पहिल्या बाकावरून आईची तीन बोटं वर. शेजारी नात भुकेने चुळबुळत असायची. नंतर पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणायची, "प्रभूला पूर्ण पाठ आहे. लेकराला भूक लागली होती."

मी सावद्याकडची केळी भरून बाहेरगावी पाठवतो. सुरुवात जळगाव स्टेशनबाहेरच्या हातगाडीपासून केली, कुणाचा हात धरला नाही. बाजारात म्हणतात, भाव करावा तर दानूने. मी कुणाकडून शिकलो ते आता सांगायला हरकत नाही. आई गेल्या महिन्यात गेली.

फरक एवढाच की धंद्यात मी जीभ इकडची तिकडे करतो, आईने कधी केली नाही. एकदा एका व्यापाऱ्याचा फोन तिने उचलला. मी खुणेने सांगितलं, घरी नाही म्हण. आई फोनवर म्हणाली, "घरात शे. माझ्यासमोर बसून हात हलवतो आहे." तो व्यापारी कायमचा गेला. मी रागाने दोन दिवस घरात जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी आईने ताट मांडलं आणि विचारलं, "सहा पोळ्यांवर येतोस की चारवर?"

नातवंडांना ती बायबलमधली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. देव सदोम शहर जाळायला निघाला. अब्राहाम आडवा आला. म्हणाला, पन्नास चांगली माणसं निघाली तर सोडशील? देव म्हणाला, सोडतो. पंचेचाळीस निघाली तर? सोडतो. चाळीस, तीस, वीस करत अब्राहाम दहावर आला आणि गप्प बसला. दहा काही निघाली नाहीत. शहर जळालं.

मी एकदा कोपऱ्यातून म्हणालो, "समोरचा प्रत्येक आकड्याला हो म्हणतोय, तर हा थांबला कशाला?"

"लाजला," आई म्हणाली. "त्याचा पुतण्या लोट होता ना तिथं. एकावर आला असता तर बठ्ठं गाव वाचलं असतं. भाव करताना लाजू नये."

पाळकसाहेबांना हा अर्थ मान्य नव्हता. मला पूर्ण मान्य होता. पण तो माझ्यावरच वापरला जाईल असं वाटलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ शमुवेल धुळ्याला मास्तर आहे. त्याच्या शिक्षणाच्या काळात मी गाडी ढकलत होतो. माझ्या मुलीच्या, रूथच्या, लग्नात तो व्याह्यांना म्हणाला, "आमच्या घरात मी मास्तर, हा दलाल." सगळे हसले. मी त्याला मांडवातून जायला सांगितलं. पुढे सात वर्षं बोललो नाही. आजही तो शब्द आठवला की माझे कान तापतात.

आईने सौदा उघडला तो आम्ही दोघांनी एका घरात राहण्यापासून. मी नाही म्हणालो. मग नाताळचे आठ दिवस. नाही. मग एक जेवण. मग एक फोन. मी प्रत्येक वेळी नाही म्हणायचो, ती न लाजता खाली यायची. धुळ्याला गेली की तिकडे शमूला हेच सुरू. शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाली, "बरं, एक कप चहा. तोही नको, अर्धा. भाऊ शे ना रे तुना."

मी म्हणालो, "विचार करतो."

"विचार करतो म्हणजे नाही," आई म्हणाली. "मी तुला ओळखते." आणि डोळे मिटून घेतले. आठ दिवसांनी गेली.

माती देऊन घरी आलो. बाहेर सगळी मंडळी बसलेली, म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. तिथे आईच्या स्टुलावर शमू बसला होता. माती देताना तो लांब उभा होता; आता जवळून दिसलं, केस पांढरे झालेत त्याचे. मी वळणार तेवढ्यात तो म्हणाला, "मागच्या आठवड्यात आईचा फोन आला होता. म्हणाली, दानू चहाला हो म्हणाला. तेव्हापासून तुझ्या फोनची वाट बघत होतो."

साध्या फोनवर मुलासाठी खोटं न बोललेली बाई. दोन्हीकडे जाऊन, समोरचा तयार आहे असं सांगून सौदा जुळवायचा, हे काम कुणाचं असतं ते मला कुणी शिकवायला नको. आमच्या घरात खरा दलाल कोण होता, ते मास्तरला अजून कळलेलं नव्हतं.

"म्हणाला होतास ना?" शमूने विचारलं.

तिचा शब्द आता माझ्या हातात होता.

"म्हणालो होतो," मी म्हणालो.

रूथने मघाशी ठेवून दिलेला चहाचा कप ओट्यावर होता. मी अर्धा चहा बशीत ओतला आणि कप त्याच्यापुढे सरकवला.

त्याने कपात पाहिलं. "अर्धाच?"

"अर्ध्यावरच ठरलं होतं."