भिगवणच्या बर्फ कारखान्यात ओलीची भिंत घेतली ती मोहीम

बर्फ कारखान्याचे चित्र कैसे जाहले, हे पुसणारे पुसतात आणि सांगणारे पदरचे घालून सांगतात. सबब घडले तेवढेच लिहितो. शके १९१६, भावनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, राजमान्य राजश्री सोपानराव चित्रकार, मौजे वरकुटे, यांनी भिगवणच्या कारखान्यावर स्वारी नेमिली. संगे तिपाई, कुंचले नऊ, भाकरी चार. हंगाम मंदा म्हणून दालन रिकामे, मग आत शिरले आणि उत्तरेची भिंत पाहून जागीच थक्क जाहले. वीस पावसाळ्यांची ओल, हिरवी, काळी, मधेच तांबूस, आणि वर पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप. पुण्याच्या प्रदर्शनाची मुदत आठ रोजांवर. भिंत साधली तर चित्रकार, न साधली तर जन्मभर ट्रॉल्यांवर नावे रंगवणे, ऐसा मामला.

सहा रोज मोर्चे चालले. छत फत्ते जाहले, खांब पडले, बर्फाचे डबे शरण आले, आणि चित्रात भिंत तेवढी कोरी राखिली, की अखेरीस सर्व बळानिशी घ्यावी. तेथेच गफलत जाहली. दालनाची झाडलोट बानूबाईंकडे, आणि अमल ऐसा की मालकही चप्पल काढून आत येत. बाईंनी मनात मसलत केली की, पाव्हणा आपल्या जागेचे चित्र काढणार आणि भिंतीची ही कळा. पुण्याची माणसे आपणांस काय म्हणतील? मग सातवे रोजी सोपानराव भाकरी खाऊन अंमळ आडवे जाहले असता बाईंनी चुन्याची बादली घेऊन चाल केली, आणि सोपानरावांनी डोळे उघडले तो भिंत पांढरीफेक.

सोपानराव मटकन खाली बसले आणि रडले. बखरकाराने हे झाकू नये. बाई कुंचा धरून शाबासकीची वाट पाहत उभ्या होत्या. घाणच हवी होती हे कळताच त्यांचा चेहरा उतरला.

"आवं, मग आधी सांगायचं न्हाय व्हय?" बाई म्हणाल्या. मग पदर खोचून तिपाईपाशी उभ्या राहिल्या. "वीस वर्सं घासतीया मी ती. घ्या रंग. खांबापासनं चार हात काळं. मधी तांबूस, पायपाचा गंज उतरायचा तितं."

ऐसे हुकूम सुटत गेले, आणि सोपानराव ताबेदार होऊन रंग लावीत गेले, आणि दिवस कलेतो सगळी ओल जागच्या जागी आली. दाराजवळचा एक डाग मात्र बाईंनी तीन वेळा पुसवून फिका करविला. सोपानरावांनी कारण पुसले.

"त्यो निघत आला व्हता," बाई म्हणाल्या.

येणेप्रमाणे उत्तरेची भिंत, तो एक डाग फिका ठेवून, फत्ते जाहली. हे लिहिले ते खरे.