खुनी पान दोनशे बारावर

"पान दोनशे बारापर्यंत खुनी कोण, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही!"

सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले शेखरराव गायधनी महिनाभर हेच सांगत हिंडत होते. 'बोगदा नंबर तीन' ही त्यांची धावत्या रेल्वेतल्या खुनाची कादंबरी. तिच्या तीनशे प्रती दिवाणात कोंबलेल्या, त्यामुळे दिवाणातल्या गाद्या कपाटावर, पार पंख्याला टेकलेल्या!

"रविवारी माझे आई-अप्पा येतायत," बायकोनं, वेदिकानं, बजावलं. "दिवाण रिकामा झाला नाही, तर पुस्तकांवर तुम्ही झोपायचं!"

म्हणून शनिवारी वाचनालयात प्रकाशन. पुस्तकावर बोलायला पुंजातात्या, रेल्वेचे निवृत्त गार्ड. तात्या नुसते शिंकले, तरी गाडी सुटल्यासारखं वाटे.

त्यांनी प्रत उघडली. पानोपानी लाल पेन्सिल!

"पान चाळीस. गाडी कसाऱ्याला आली आन् लगेच सुटली म्हणे! घाट चढायला मागून इंजिन कोण जोडणार? तुमचा हिरो?"

सभागृह खदखदलं. शेखरराव कसनुसे हसले.

"पण लिवलंय लय भारी! हातातून सुटत नाय!"

दारापाशी विक्रीच्या टेबलावर वेदिकानं पटापट गठ्ठ्यांच्या सुतळ्या सोडल्या.

"आता खुनी," तात्यांनी पान उलटलं. "डबा आतून बंद. मधी चढला फक्त चहावाला. मी म्हणतो, त्यानंच केला खून!"

"अय्या, एवढं सोपं?" पहिल्या रांगेतून शेजारच्या फुलाबाई म्हणाल्या. "मला तर पहिल्याच पानाला कळलं असतं!"

शेखररावांच्या डोक्यात कुकरची शिट्टी झाली. त्यांनी माइकच हिसकावला.

"चहावाला नाही हो! तो तुम्हाला फसवायला घातलाय! खुनी टीसी आहे, टीसी! मयताचा सख्खा भाऊ! पान दोनशे बारा!"

फुलाबाईंनी मांडीवरची प्रत हळूच शेजारच्या खुर्चीवर ठेवली. "कळलं की सगळं. चहा कुठंय?"

तात्या शेखररावांच्या कानाशी वाकले. "अवो, टीसीच हाय, ठाऊक होतं मला! गुपित फुटू नये म्हणून तर त्या गरीब चहावाल्यावर ढकललं!"

रविवारी अप्पा आले. दिवाण होता तसाच भरलेला. अप्पांनी एक प्रत काढली, चष्मा लावला आणि पान पहिलं उघडलं. शेखररावांचा जीव सुपाएवढा झाला. काही माहीत नसलेला एक तरी वाचक मिळाला!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वेदिकाचा आवाज आला.

"अप्पा, तो टीसी आहे. चला जेवायला!"