मामाच्या हातचा पहिला घास

नातवाच्या उष्टावणाला भांडुपच्या त्या दोन खोल्यांत अख्खा मजला जमला होता आणि आजोबा, म्हणजे तात्या, मोरीत दार लावून बसले होते.

"अवो, बाहेर येवा!" रुक्मिणीबाईंनी कडी वाजवली. "सुनेचो भाव इलो, खीर घेऊन!"

"पाय धुतंय," आतून तात्या म्हणाले. ते केव्हापासून पायच धूत होते.

कारण साधं होतं आणि भयंकर होतं. उष्टावणापर्यंत बाळाच्या तोंडात आईच्या दुधाखेरीज काही जाता कामा नये, आणि पहिला घास मामानेच भरवायचा, ही रीत. वसुधाने, म्हणजे सुनेने, ती इतकी कडक पाळली होती की बाळासमोर कोणी जांभई दिली तरी ती हात आडवा धरी. पण संपात गिरणी बंद पडल्यापासून तात्या घरी, आणि सकाळची पेज म्हटली की सोबत भाजलेला सुका बोंबील हवाच. बाळाच्या हिरड्या शिवशिवत होत्या. एकदा वसुधा नळावर गेलेली असताना त्याने मांडीवरून झेप घेतली आणि तात्यांच्या हातातल्या बोंबलाचं शेपूटच तोंडात धरलं. रडं बंद! त्या दिवसापासून वसुधा नळावर गेली की आजोबा आणि नातू एकाच बोंबलाच्या दोन टोकांना लागत.

तात्या शेवटी बाहेर आले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले.

वसुधाचा भाऊ शिवदास बोरीवलीहून चांदीची वाटी घेऊन आला होता. लग्नाला बरीच वर्षं झालेली, पण त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे भाच्याचा हा घास म्हणजे त्याला सणच होता. नवा सफारी शिवून आला होता. वसुधाच्या नवऱ्याने, जयवंतने, मित्राचा कॅमेरा डोळ्याला लावला. शिवदासने केशराची खीर बाळाच्या ओठांना लावली.

बाळाने ती अशी काही थुंकली की समोरच्या कॅलेंडरवरचे शनिवार-रविवार झाकले गेले. त्या आठवड्यात चाळीत निम्म्या लोकांना सुट्टीच कळली नाही म्हणतात.

"परत दे रे," वसुधा म्हणाली. दुसरा घास सफारीवर आला. तिसऱ्याला बाळाने तोंडच मिटलं आणि मामाकडे पाहून भोकाड पसरलं.

"असं कधी बघितलं नव्हतं बाई," शेजारची मंजुळा म्हणाली. "मामाचा हात कसा भरल्या घरचा लागतो ना..."

शिवदासने वाटी खाली ठेवली. "बरोबर आहे," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "वसू, तूच भरव. माझा हात नको."

तात्यांना धरणी दुभंगावी असं वाटलं. पण ती चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर होती; दुभंगली असती तर तात्या खालच्यांच्या ताटात पडले असते. ते पुढे झाले.

"हाताचो काय दोष नाय, शिवदास. तेचा तोंड मी आधीच उष्टावलंय."

"काय दिलंत, तात्या?" वसुधाचा आवाज चिरका झाला.

"बोंबील."

"अगो बाय माझे!" रुक्मिणीबाई किंचाळल्या. "बोंबील कमी होतत म्हणान त्या मांजराक मी महिनोभर केरसुणीन हाणतंय!"

मंजुळा तोंडात पदर कोंबून हसायला लागली. वसुधाचे डोळे भरले. तात्यांची मान इतकी खाली गेली की हनुवटी बंडीच्या दुसऱ्या गुंडीला लागली. "मीया चुकलंय. तुझो मान मी खाल्लंय," ते शिवदासला म्हणाले.

शिवदासने बाळाचं तोंड रुमालाने पुसलं. मग त्याने विचारलं, "आहे का घरात एखादा?"

"अरे, पण तू तर सोडलंयस ना?" वसुधा म्हणाली. त्याच्या इमारतीत सगळे गुजराती. तिथे मासळीचं नावही काढायची सोय नव्हती.

"मी कुठे खातोय? मला भरवायचंय."

रुक्मिणीबाईंनी बोंबील भाजून आणला. शिवदासने तो शेपटाकडून केशराच्या खिरीत बुडवला आणि डोळे मिटून पुढे केला. बाळाने मामाचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि चोखायला लागलं, ते सोडेचना. "जयवंत, काढ ना फोटो!" शिवदास ओरडला. त्याचे डोळे ओले होते. वासामुळे, असं तो म्हणाला.

तो फोटो शिवदासने मोठा करून घरात लावला. तात्या पहिल्यांदा बोरीवलीला गेले, तेव्हा शेजारचे गृहस्थ त्या फोटोसमोरच उभे होते.

"शिवदासभाई, बाळ हे काय खाते?"

"शेवग्याची शेंग," शिवदास झटकन म्हणाला.

"एवढी सुकी?" गृहस्थ तात्यांकडे वळले.

पुन्हा कधी लपवाछपवी करायची नाही, अशी तात्यांनी देवापुढे शपथ घेतली होती. त्यांनी शिवदासकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तात्यांची मान पुन्हा हळूहळू दुसऱ्या गुंडीकडे निघाली.

"कोकणातली आसा," ते पुटपुटले. "उन्हात वाळवतत."