उभ्या गाडीचा ब्रेक

"मी भजे आणते. गाडी निघाली का आवाज द्या. मांगच्या खेपेसारखं करू नका!"

मागच्या खेपेला रुक्मिणीबाई मलकापूरच्या स्टँडवरच राहिल्या आणि हिंमतराव एकटे लग्नाला पोचले. त्या लग्नातल्या नवरा-नवरीला आता दोन पोरं आहेत, पण हिंमतरावांच्या घरात विषय अजून ताजाच होता.

म्हणून नांदुऱ्याला, जळगाव जामोदच्या गाडीत, हिंमतराव ड्रायव्हरमागच्या सीटवर डोळे ताणून बसले. समोरच्या काचेतून फलाटावरचं कँटीन आणि रुक्मिणीबाईंची पाठ दिसत होती. एवढ्यात खिडकीला लागून उभी असलेली दुसरी गाडी मागे सरकू लागली आणि हिंमतराव ताडकन उठले. आपली गाडी पुढे चालली! ड्रायव्हरची सीट रिकामी आणि नाकासमोर बायको!

"हटा! गाडी सुटली!" ओरडत ते ड्रायव्हरच्या सीटवर चढले, सापडेल ते पायाखाली दाबलं आणि काचेवर बुक्क्या मारू लागले. कँटीनमधली गिऱ्हाइकं बशा टाकून पळाली. ड्रायव्हर चहा सोडून धावत आला.

"काकाजी, कोन्ती गाडी थांबवून राह्यले?"

"हेच! म्या ब्रेक दाबला म्हून वाचले सारे!"

"चाबी त माह्या खिशात हाय."

गाडीभर हशा पिकला. शेजारी बसलेले प्रसेनजित सर जामोदच्या कॉलेजात विज्ञान शिकवत. त्यांनी समजूत काढली, "काका, डोळे म्हणतात चाललो, बूड म्हणते बसलो. मेंदू दोघांचंही ऐकते, पण त्याचा कल डोळ्याइकडं. साऱ्याइचंच होते असं."

"म्हंजे डोये खोटं बोलतात?"

"कधी कधी."

हिंमतरावांनी हे ज्ञान मनात घट्ट बांधून ठेवलं. थोड्या वेळानं ड्रायव्हर सीटवर बसला, शिट्टी वाजली, बूड थरथरलं. समोरचं कँटीन हळूहळू लहान होऊ लागलं. एका हातात भज्यांचा पुडा घेऊन रुक्मिणीबाई गाडीकडे धावत होत्या, तरी दूरदूर जात होत्या. हिंमतरावांनी कौतुकानं मान डोलावली आणि सरांना दाखवायला वळले. सर घोरत होते.

फोन वाजला.

"अवो, गाडी थांबवा ना!"

"पुन्हा? एकडाव थांबवली त लोकं किती हासले!" हिंमतरावांनी आवाज खाली आणला. "अवं, घाबरू नको. गाडी जागेवरच हाय. कँटीनच दूर जाऊन राह्यलं."