भूमिकाबाईंच्या तीन रॅकेटी आणि बसवनगुडीची स्वारी

श्रीगजाननास वंदून, सर्जापूर रोडच्या बॅडमिंटन कोर्टाबाहेर बाकड्यावर बसल्या समस्त यारदोस्तांस विदित व्हावे जे, या मोहिमेचे वर्तमान तुम्ही अर्धेमुर्धे ऐकिले आणि मीठमसाला लावून गावभर केले, सबब खरे काय ते साद्यंत सांगतो, मधे कोणी तोंड घालू नये.

भूमिकाबाईंचे घराणे मूळचे बसवनगुडीचे, तीनशे वर्षे इकडचेच, या कानडी मुलखातले, हल्ली मुक्काम सर्जापूर रोड. बाई उंचीने पाच फूट, स्मॅश सात फुटी. सोसायटीच्या कपाकरिता त्यांनी पुण्याहून आलेले, इलेक्ट्रॉनिक सिटीचे मनसबदार निहारराव यांस जोडीस घेतले आणि मजल दरमजल करीत फायनल गाठली. समोर गनीम कोण, तर सी-टॉवरचे शरच्चंद्रकाका आणि सुनंदाकाकू, उभयतांचे वय मिळून एकशे एकवीस, आणि कप चार वर्षे त्यांचेच शोकेसीत कैद!

आता खंडेनवमीस बाईंनी बसवनगुडीतल्या दुकानातून नवी रॅकेट खरीद केली, आणि घरी आत्या तानूबाई यांचा रिवाज ऐसा जे, नवे शस्त्र पूजा झाल्याविना वापरणे नाही, मग ते शस्त्र स्कूटर असो की मिक्सर. मग हळद लागली, कुंकू लागले, दांडीस झेंडू बांधिला, आरती जाहली, आणि दुसरे दिवशी तिसऱ्याच स्मॅशला दांडी-डोक्याचा सांधा कडाड मोडून रॅकेटीचे डोके नेटपार गेले. शटल अलीकडेच! मग वर्षाची वॉरंटी होती म्हणून बदली मिळाली, तिचीही पूजा जाहली, तीही तेथेच मोडली. मग तिसरी आली, तिचीही पूजा, तीही तेथेच. निहारराव वदले, "अगं, ही रॅकेट आहे की खाकरा?"

मग फायनलीच्या आदले दिवशी, शनिवारी, भूमिकाबाई, निहारराव आणि आत्या ऐसी खाशी स्वारी रिक्षात बसोन कूच जाहली, आणि सिल्क बोर्ड चौकाच्या रहदारीच्या खिंडीत पाऊण तास लष्कर अडकले, आणि मग एकदाचे दुकान दिसले.

दुकानाचे किल्लेदार विश्वेश्वर अण्णा. त्यांनी चष्मा चढविला, मोडकी रॅकेट उजेडात धरिली, खाचेतले कुंकू नखाने खरवडिले आणि फर्मान सोडिले जे, वस्तूस बाहेरील पदार्थ लाविल्यास वॉरंटी रद्द समजावी, बदली मालास तर मुळात वॉरंटीच नाही, सबब स्वल्प, म्हणजे थोडके, समजून घ्यावे.

भूमिकाबाईंचा चेहरा उतरला. उद्या चार वाजता फायनल, घरात दुसरी रॅकेट नाही, आणि हाती फक्त दांडी!

मग निहाररावांनी वॉरंटीचे कार्ड उपसले. त्यात वर्षाची मुदत साफ लिहिली होती, कुंकवाचे नाव नव्हते. एकच खोट तीनदा म्हणजे खोट मालाची, गिऱ्हाइकाची नव्हे, ऐसे त्यांनी ठणकाविले, 'मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट' हा मंत्र सहा वेळा म्हटला, आणि ग्राहक तक्रारीचा खलिता मोबाइलात भरून अंगठा बटनावर नेला. अण्णा ढळले नाहीत. "करा की तक्रार. सरी, चालेल. कुंकू ते कुंकूच!"

मोहीम बुडाली ऐसे दिसले.

तो तानूबाई, ज्या इतका वेळ पंख्याखाली घाम पुसत होत्या, त्या उठल्या आणि दुकानात नजर फिरवू लागल्या. कोपऱ्यात रॅकेटी विणायचे मशीन. त्यास झेंडूचा हार, कपाळी कुंकवाचा टिळा, पायाशी लिंबू. कॉम्प्युटरास कुंकू. काउंटराच्या तराजूसही कुंकू.

"अण्णा, मशीन नवं दिसतंय?"

"हौदु अक्का, होय! महिनाच झाला." अण्णा फुलले. "दोन वर्षं वॉरंटी आहे."

"आहे?" आत्या कुंकवाकडे बोट करून म्हणाल्या. "अय्यो, मग ती गेली की हो!"

 मग निहाररावांस हसू फुटले, मग भूमिकाबाईंस, मग गिऱ्हाइकांस, आणि मग खुद्द अण्णा पोट धरून खुर्चीत बसले.

मग तह जाहला. त्या खेपेचा माल बाद, दुसऱ्या कंपनीची रॅकेट द्यावी, आजपासून पुरी एक वर्षाची वॉरंटी बिलावर शिक्क्यानिशी लिहून द्यावी. आणि आत्यांचे एक कलम वरचढ, की या रॅकेटीची पूजा अण्णांनी स्वहस्ते, दुकानातच, फोटो काढून करावी, म्हणजे पुढे कुंकवाची तक्रार कोणी कोणाकडे न्यावी? अण्णा स्वतः कुंकवाचा करंडा घेऊन धावले.

रविवारी रण माजले. भूमिकाबाईंनी त्रेचाळीस स्मॅश मोजून हाणले, रॅकेट तसूभर हलली नाही, आणि तिसऱ्या गेमात आपण एकोणीस-एकवीस हरलो. हसू नका! कप शोकेसीत परत गेला खरा, परंतु जाता जाता सुनंदाकाकूंनी स्वतःची तडकलेली रॅकेट पुढे केली आणि पुसिले, "भूमिका, ते दुकान कुठलं गं? आणि तुझी आत्या येईल का माझ्यासोबत?"

सबब दफ्तरी नोंद करावी जे, आश्विन वद्य पंचमी, रविवार, रॅकेट शाबूत, वॉरंटी शाबूत, गनीम आत्यांचे चरणी रुजू. फत्ते आपली.